जमिनीला न टेकलेला लसूण

आमच्या गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर नगरपालिकेतले लोक म्हणतील, फेर्नांद रुमियूनं गावाची अब्रू चव्हाट्यावर मांडली. आणि चव्हाट्यावर काही मांडायची मला आता परवानगी नाही.

दर बुधवारी आमच्याकडे बाजार भरतो. कारंज्यापासून तिसऱ्या चिनाराखाली एकतीस वर्षं मी लसूण विकला. मीच लावलेला, मीच उपटलेला, हिवाळ्यात स्वयंपाकघरात बसून मीच वेण्या घातलेला. नवरा गेला त्या आठवड्यातला बुधवार सोडला, मुलगा झाला तेव्हाचे दोन सोडले, तर त्या झाडाखाली मी नाही असा बुधवार गावानं क्वचितच पाहिला असेल. मे महिन्यात माझा खुबा बदलला. सहा बुधवार गेले.

आमच्याकडे पद्धत अशी की येणार नसलात तर आदल्या दिवशी गस्तोंच्या कॅफेत फळीशी उभ्याउभ्या सांगून ठेवायचं. बाजाराचा मुकादम ओनोरे सकाळी तिथे कॉफी प्यायला येई, गस्तों त्याला सांगे, ओनोरे मान हलवी आणि रजा मंजूर होई. बाळंतपणं, मयती, द्राक्षांची तोडणी, सगळं त्याच फळीवर मंजूर झालं. ऑपरेशनचंही मी तसंच सांगून ठेवलं. ओनोरे एप्रिलमध्ये निवृत्त झाला हे मला माहीत होतं. त्याच्या जागी आलेला पोरगा कॉफी पीत नाही, हे मला माहीत नव्हतं.

जुलैच्या पहिल्या बुधवारी मी परत गेले. डॉक्टरांनी अजून गाडी चालवू दिली नव्हती, म्हणून आर्लेतनं माझी व्हॅन चालवली. आर्लेत काझाल माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिनं तीस वर्षं शाळेची बस चालवली, त्यामुळे निम्मं गाव कधी ना कधी तिची बोलणी खाऊन मोठं झालेलं आहे. मला सोडून लगेच घरी जायचं म्हणून ती घरातल्या सपाता घालूनच आली होती, तपकिरी चौकड्यांच्या.

तिसऱ्या चिनाराखाली साबण होता. गुलाबी, जांभळा, पिवळा, सुतळीनं बांधलेला. मागे क्लेमांस नावाची एक पोरगी उभी होती, तिला बिचारीला काहीच ठाऊक नव्हतं. नवा मुकादम बास्तियाँ हातात पाटीसारखा स्क्रीन घेऊन आला.

"मादाम रुमियू, तुमची जागा रद्द झाली. लागोपाठ तीन गैरहजेऱ्या, लेखी कळवलेलं नाही. तुम्हाला पत्र पाठवलं होतं."

"मी इस्पितळात होते. पत्र कोण वाचणार?"

"तेच तर. इस्पितळात आहात हे लेखी कळवायला हवं होतं."

"गस्तोंला सांगितलं होतं मी."

"गस्तों नगरपालिकेत नाही."

व्हॅनच्या खिडकीतून आर्लेत म्हणाली, "गस्तों नसता तर तुझी नगरपालिका एक दिवस उघडली नसती, बाळा. आणि तुझ्या महापौराला विचार, तिसरीत असताना बसमधून त्याला कुणी उतरवलं आणि का."

बास्तियाँनं ते ऐकलंच नाही असं दाखवलं. बाटल्यांच्या कचरापेट्यांमागे एक जागा आहे, म्हणाला, आजच्यापुरती देतो. मी आजूबाजूला पाहिलं. चीजवाला ल्युदो, ज्याच्या टपरीचा खांब एकवीस वर्षं मी वाऱ्यात धरला, तो खोक्यात काहीतरी शोधत होता. मासेवाली खोक्यात शोधत होती. सगळा बाजार मूग गिळून आपापल्या खोक्यात शोधत होता. बास्तियाँचा मला राग आला, पण त्या खोक्यांकडे मला बघवेना. मी काही न बोलता व्हॅनमध्ये जाऊन बसले.

गावाबाहेरच्या चौकात डावीकडे आमचं घर. आर्लेतनं डावीकडे वळायचा दिवा लावला.

"उजवीकडे घे," मी म्हणाले.

"उजवीकडे काय आहे?"

"इथलं कुणी नाही."

तिनं क्षणभर डोळे मिटले. "थांब, गॅसवर काही ठेवलंय का ते आठवू दे." मग म्हणाली, "नाही," आणि दिवा बदलला.

आम्हाला कुठे जायचं होतं हे आम्हाला माहीत नव्हतं. मागे दीडशे वेण्या लसूण, पुढे दोन बायका, एकीला खुबा नवा, दुसरीच्या पायात सपाता. पण बाजारवाल्याला एक गोष्ट झोपेतही ठाऊक असते, ती म्हणजे कोणत्या गावाला कोणता वार. "उद्या गुरुवार," मी म्हणाले. "गुरुवारी न्योंस."

त्या रात्री न्योंसबाहेर नदीकाठी व्हॅन लावली आणि लसणाच्या पोत्यांवर आडव्या झालो. पावावर लसूण घासून, वर टोमॅटो पिळून, सार्डिनचा डबा फोडून जेवलो. आर्लेत म्हणाली, "मी मेले की मला धुवायची गरज नाही, मुरलेली आहे मी." सकाळी तात्पुरत्या विक्रेत्यांची सोडत होती. तिथल्या मुकादमानं टोपीत चिठ्ठ्या टाकल्या आणि आमची चिठ्ठी चौथी निघाली. भिंतीला लागून, सावलीची, अगदी राजेशाही जागा.

"एरवी कुठे बसता?" त्यानं विचारलं.

"एरवी बसत नाही," मी म्हणाले. "फिरते." हे म्हणताना मला फार बरं वाटलं. माझी काय जागा घेता, मला जागा लागतच नाही, असा थाट. चाळीस वेण्या गेल्या. आर्लेत गिऱ्हाइकांशी शाळेतल्या पोरांशी बोलावं तसं बोलत होती, "हात लावायचा तर घ्यायचा, नाहीतर खिशात ठेवा हात," आणि लोक घेत होते.

दुपारी मुलाचा फोन आला. रेमी मोन्पेलियेला असतो, विम्याच्या कचेरीत.

"आई, तू कुठे आहेस? शेजारच्यांनी फोन केला, खिडक्या बंद आहेत म्हणून."

"न्योंसला."

"का?"

"लसूण विकायला. अजून कशाला?"

बाजारातलं त्याला कळलं होतं. "जाऊ दे ना आई. अडुसष्ट वय झालं, खुबा नवा आहे. सगळा लसूण सोसायटीला घाल, एका दिवसात उचलतील."

"सोसायटीला घातला की तो लसूण राहत नाही रेमी, टन होतो."

"बरं मग, टन तर टन. पण तू घरी तर बसशील."

मी फोन ठेवला. तो वाईट मुलगा नाही. पण 'घरी बसशील' हे शब्द त्यानं इतक्या मायेनं म्हटले की माझ्या अंगावर काटा आला. तिसऱ्या चिनाराखाली नाही तर मग कुठे, हे तोपर्यंत मी स्वतःला विचारलंच नव्हतं. विचारल्यावर उत्तर आलं ते हेच, घरी. खुर्चीत, बंद खिडकीआड, उन्हं उतरायची वाट बघत.

शुक्रवारी कार्पांत्रास. तिथे आमच्यासारखे तात्पुरते पन्नास जण आणि रिकाम्या जागा सहा. आमची चिठ्ठी निघाली नाही. पन्नासातले चव्वेचाळीस जण आपापल्या गाड्यांकडे वळले. कुणी फारसं कुरकुरलं नाही, त्यांना सवय होती. एक जण मला म्हणाला, "पहिलं वर्ष अवघड जातं." पहिलं वर्ष. माझं.

गल्लीतल्या एका भिंतीच्या सावलीत व्हॅन लावून मी मागच्या पायरीवर बसले आणि रडले. खुबा ठणकत होता, पण त्यासाठी नाही. आर्लेत शेजारी बसून जर्दाळू खात होती.

"रड," ती म्हणाली. "पण आटोपशीर रड. या रस्त्यावर माझ्या सपाता भाजतायत."

"एकतीस वर्षं, आर्लेत. आणि एकानं तोंड उघडलं नाही."

"तू उघडलंस?"

मी तिच्याकडे पाहिलं.

"अगं, मी बघत होते ना खिडकीतून. मी बोलले, तू नाही बोललीस. तू गाडीत येऊन बसलीस आणि म्हणालीस उजवीकडे घे. मला वाटलं एखादा तास राग काढेल आणि मग वळेल. आज तिसरा दिवस आहे. मला मजा येतेय, खोटं कशाला बोलू, नवरा असताना त्यानं मला कधी न्योंस दाखवलं नाही. पण फेर्नांद, तू न्योंसला हजार वेण्या विकल्यास तरी तो चिनार काही इथे येणार नाही. याला फिरणं म्हणत नाहीत, पळणं म्हणतात."

तिचा मला इतका राग आला की मी तिच्या हातातलं जर्दाळू काढून घेतलं आणि खाल्लं. राग आला, कारण ती खरं बोलत होती.

शनिवारी आम्ही घराकडे वळलो. वाटेत एका लहानशा गावात बाजार होता, वीसेक टपऱ्यांचा. पाव घ्यायला उतरलो. दोन टपऱ्यांच्या मधोमध, भर वाटेत, एक म्हातारा दंडावर अंड्यांची टोपली अडकवून उभा होता. टेबल नाही, छत्री नाही. तिथला मुकादम आला, सगळ्यांच्या पावत्या फाडत फाडत त्याच्यापाशी थांबला, हात मिळवला आणि पुढे गेला.

मी त्याच्याकडून सहा अंडी घेतली. "तुमची जागा कुठली?" मी विचारलं.

"मला जागा नाही. माझ्या पायाखाली असते तेवढीच."

"आणि मुकादम काही म्हणत नाही?"

"काय म्हणणार? टोपली खाली ठेवली की दुकान झालं. मग जागा लागते, पावती लागते, अर्ज लागतो. हातात आहे तोवर मी नुसता अंडी घेऊन उभा असलेला म्हातारा. नियमच आहे तसा, शेतकऱ्याचा माल, अंगावर मावेल तेवढा. तो दर बाजाराला येऊन टोपली बघतो. मी बघू देतो."

"कधी खाली ठेवली नाहीत?"

"चौदा वर्षांत नाही."

"हात दुखत नाही?"

"दुखतो की," तो म्हणाला, जणू मी विचारलं होतं की अंडी गोल असतात का. मग मी जायला निघाले तेव्हा म्हणाला, "हे आमच्या गावचं. प्रत्येक गावाचं पुस्तक वेगळं, बाई. आधी तुमचं वाचा."

आर्लेत आणि मी एकमेकींकडे पाहिलं. पाव घ्यायचा राहूनच गेला.

सोमवारी सकाळी नऊला आर्लेत नगरपालिकेच्या खिडकीवर उभी राहिली, सपाता घालून. आता मुद्दाम घातल्या होत्या. बाजाराची नियमावली बघायचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, ती म्हणाली, आणि आणून देईपर्यंत मी इथेच उभी आहे. पिवळ्या पडलेल्या बावीस पानांची प्रत मिळाली. मी माझ्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते, ती मोठ्यानं वाचत होती. सतराव्या कलमाला आली आणि थांबली. मग परत वाचलं, हळू. जमीन, फळी किंवा गाडी यांवर ठेवलेला माल म्हणजे दुकान. शेतकऱ्यानं स्वतः पिकवून स्वतःच्या अंगावर बाळगलेला माल दुकान समजू नये, वाट तीन मीटर मोकळी राहिली म्हणजे झालं.

"अंगावर," आर्लेत म्हणाली. "बिचाऱ्याला टोपली धरावी लागते. तुझा माल तर गळ्यात घालता येतो."

बुधवारी आठच्या ठोक्याला मी तिसऱ्या चिनाराखाली उभी होते. गळ्यात बारा वेण्या, दोन्ही दंडांवर चार-चार. आर्लेतच्या गळ्यात पंधरा, मी विकेन तशा मला द्यायला. सजवलेल्या बैलासारख्या दिसत होतो आम्ही आणि मला त्याची जराही लाज वाटत नव्हती. मागे क्लेमांस, तिचा साबण, आणि पुढे आम्ही.

बास्तियाँ जवळजवळ धावतच आला. "मादाम रुमियू, इथे दुकान मांडता येणार नाही."

"मांडलंय कुठे?" मी म्हणाले. "दाखव."

त्यानं खाली पाहिलं. खाली माझे बूट होते आणि आर्लेतच्या सपाता. आर्लेतनं सतरावं कलम वाचून दाखवलं, सावकाश, शुद्धलेखन घालावं तसं. तो म्हणाला, वाटेत अडथळा होतोय. तिनं एप्रनच्या खिशातून टेप काढला. एक टोक त्याच्या हातात दिलं. तीन मीटर वीस. त्यानं दोनदा मोजलं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "पण एकही वेणी जमिनीला टेकली, तर दुकान. मग मी गाडीसकट बाहेर काढीन."

"काढ की."

तो गेला नाही. कारंज्यापाशी उभा राहून माझ्या सगळ्यात खालच्या वेणीकडे बघत राहिला. ती जमिनीपासून वीतभर वर होती.

पहिला तास सोपा गेला. माझी जुनी गिऱ्हाइकं आली, काही जणी सात आठवडे लसूण न घेता थांबल्या होत्या, म्हणाल्या. गळ्यातून वेणी काढून द्यायची, आर्लेतकडून नवी गळ्यात घ्यायची. पण माल कमी करायचा नाही असं मी ठरवलं होतं. हलकी होऊन मला जिंकायचं नव्हतं. साडेनवाला खुबा कुरकुरू लागला. व्यायाम शिकवणाऱ्या पोरीनं सांगितलं होतं, वीस मिनिटांपेक्षा जास्त उभं राहायचं नाही. दहाला डावा पाय आतून थरथरायला लागला. आर्लेत पुटपुटली, "माझ्या खांद्यावर रेल." मी नाही म्हणाले. आम्ही दोघी पडलो असतो.

साडेदहाला गुडघा वाकला. थोडासाच. खालची वेणी तीन बोटांवर आली. बास्तियाँ कारंज्यापासून दोन पावलं पुढे आला. मला त्या क्षणी अंडीवाला आठवला, दुखतो की म्हणणारा, आणि मी गुडघा सरळ केला. डोळ्यांसमोर काळे ठिपके नाचत होते, पण सरळ केला. असा राग मला जन्मात आला नव्हता आणि तो रागच माझा दुसरा खुबा झाला होता.

मागे काहीतरी खडखडलं. क्लेमांस तिची घडीची खुर्ची उघडत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, सगळं लसणामुळे.

"बसा," ती म्हणाली.

"दया नको मला, पोरी."

"दया कसली? सकाळपासून माझा साबण एकानं हुंगलेला नाही. आता तुम्ही पडलात तर माझ्याच टेबलावर पडाल."

मी बसले. वेण्या मांडीवर ओढून घेतल्या, सगळ्या, लेकरासारख्या. बास्तियाँ येऊन पोहोचलाच.

"खुर्ची जमिनीवर आहे."

"खुर्ची विकायला नाही," आर्लेत म्हणाली.

सतराव्या कलमात खुर्ची नव्हती, अठराव्यातही नव्हती. आर्लेतनं सोमवारी सगळी बावीस पानं वाचली होती.

तेवढ्यात ल्युदो आला, हात एप्रनला पुसत. त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं नाही. एक वेणी घेतली, गळ्यात घातली आणि तशीच घालून आपल्या चीजमागे जाऊन उभा राहिला. मग मासेवाली आली. मग मधवाला, मग ऑलिव्हवाले दोघे भाऊ. बारापर्यंत निम्मा बाजार गळ्यात लसूण घालून माल विकत होता. माफी कुणी मागितली नाही, आमच्याकडे तशी पद्धत नाही. मीही कुणाला सूट दिली नाही. ज्यांनी खोक्यात शोधलं होतं त्यांना तर सुटे पैसेही परत दिले नाहीत आणि कुणी मागितले नाहीत. मी रडत होते की काय ते मला सांगता येणार नाही, क्लेमांसनं मला तिचा रुमाल दिला एवढं खरं.

पाऊणला बास्तियाँ कागद घेऊन आला. आवाज खाली होता. "हे बघा, अर्ज भरा. समिती सप्टेंबरमध्ये बसेल, मी शिफारस करीन. जागा परत मिळेल तुम्हाला."

"मला जागा नको."

"मग तुम्हाला हवंय तरी काय, मादाम?"

मी उठले. खुर्चीच्या पाठीचा आधार घेतला, पण उठले. शेवटची वेणी गळ्यात नीट केली.

"दर बुधवारी सकाळी गस्तोंकडे कॉफी प्यायला येत जा," मी म्हणाले. "मी येणार नसेन तर तिथे सांगून ठेवीन."

तो कागद हातात धरून उभा राहिला. एकचे टोले पडू लागले. आर्लेतनं सपाता झटकल्या, क्लेमांसनं खुर्ची मिटली, आणि मग मी त्याला राहिलेलं सांगितलं.

"माझ्या निरोपाची वाट बघत कॉफी गार होईल तुझी. कारण मी येणार आहे."